चार मिनिटांची झोप

रायण्णांना चार मिनिटांची झोप घेता यायची. तीन नाही, पाच नाही. गाडीचं इंजिन बंद करायचं, हेल्मेट काढून मांडीवर ठेवायचं, त्यावर दोन्ही हात टाकायचे आणि डोळे मिटायचे. बरोबर चार मिनिटांनी कुणी हाक न मारता ते उघडायचे. आजूबाजूला तीस गाड्या घुरघुरत असत, कुणाचा टायर फाटलेला असे, कुणी कुणावर ओरडत असे, लाल धूळ पापण्यांवर बसत असे. त्या सगळ्याच्या मध्यभागी हा माणूस घरी जेवण करून आडवं झाल्यासारखा निवांत.

त्यांचं खरं नाव रायवो. एस्टोनियाचे. आमच्या हुबळीत कुठल्याही नावाला दोन दिवसांत अण्णा, अप्पा किंवा अक्का लागतं. तसं ते लागलं आणि रायवोचे रायण्णा झाले. या नावाची माणसं आमच्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे कुणी तरी विचारायचंच, कुठला रायण्णा? मग महांतेशअण्णा हातातला पाना खाली न ठेवता सांगायचे, "आमचा गोरा रायण्णा."

महांतेशअण्णांचं तारिहाळला गॅरेज आहे. आठवडाभर ते कारखान्यांच्या टेम्पोंची कामं करतात आणि उरलेल्या वेळात राष्ट्रीय रॅली चॅम्पियनशिपसाठी एक गाडी तयार ठेवतात. त्या वर्षी मोसमाच्या तोंडावर त्यांचा नेहमीचा ड्रायव्हर दुसऱ्या टीमकडे गेला. ओळखीतून ओळख निघत रायण्णांचं नाव पुढे आलं. शेजारच्या सीटवर बसून वळणांच्या नोट्स वाचायला माझी आतेबहीण विद्याक्का. ती धारवाडला राहते, जवळच बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि तिच्या सगळ्या रजा या खेळात जातात.

माझा या सगळ्याशी संबंध इतकाच की मी इंग्रजी शाळेत शिकले. विद्याक्का कारखान्यात असताना परदेशी माणसाशी बोलायला कुणीतरी हवं होतं. तिनं बाबांना फोन केला आणि बाबांनी दुकानातूनच, मला न विचारता, पाठवतो म्हणून सांगून टाकलं. मी घरी मराठी बोलते, रस्त्यावर कन्नड, आणि शाळा-कॉलेजात इंग्रजी बोलायचे. तिन्ही हळू आवाजात. केशवापूरच्या बसमध्ये मला उतरायचं असलं, तरी कंडक्टरला सांगायच्या ऐवजी दुसरं कुणी उतरेल म्हणून मी वाट बघायचे. कितीदा तरी एक स्टॉप मागे चालत आले आहे.

विमानतळावर त्यांना आणायला गेले तेव्हा मी चार वाक्यं पाठ करून नेली होती. प्रवास कसा झाला वगैरे. रायण्णा बाहेर आले. पंचावन्नच्या आसपासचे, उंच, जरा वाकलेले, हातात एकच पिशवी. माझं पहिलं वाक्य त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रायवो. गाडी कुठे?" त्यांचं इंग्रजी तीन-चार शब्दांचंच असायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, पण लांबी तेवढीच ठेवली आहे.

गॅरेजमध्ये तर माझी गरजच उरली नाही. महांतेशअण्णा कन्नडमध्ये बोलत होते, रायण्णा आपल्या भाषेत, आणि दोघंही गाडीखाली होते. एकाचा हात बाहेर यायचा, दुसरा त्यावर नेमका हवा तो पाना ठेवायचा. मधेच दोघं एकदम हसले. काय झालं म्हणून मी वाकून विचारलं, तर महांतेशअण्णा म्हणाले, "तुला नाही कळायचं तंगी, गिअरबॉक्सचं आहे." तंगी म्हणजे धाकटी बहीण. मग म्हणाले, उन्हात कशाला उभी आहेस, चहा सांगून ये. माझं इंग्रजी त्या दिवशी चहा सांगण्याच्या कामी आलं, आणि तेही कन्नडमध्ये.

त्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये तीन परदेशी ड्रायव्हर होते. एक श्रीलंकेचा, बोलका, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकणारा. एक बेल्जियमचा तरुण, जो प्रत्येक म्हशीचा फोटो काढायचा. आणि रायण्णा. निकालाच्या कागदावर तिघांच्या नावापुढे एक चांदणी छापलेली असायची आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की परवाना परदेशी असल्यामुळे या ड्रायव्हरला चॅम्पियनशिपचे गुण नाहीत. शर्यत जिंकली तरी नाहीत. गुण मिळायचे ते शेजारी बसलेल्या भारतीय कोड्रायव्हरला. म्हणजे वर्षभर गाडी चालवणार रायण्णा आणि नाव वर जाणार विद्याक्काचं.

ही गोष्ट माझ्या बाबांच्या गळी काही उतरेना. आमचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे, आजोबा मिरजेहून आले तेव्हापासूनचं. बाबांच्या लेखी कुठलंही काम कुणाच्या तरी नावावर असतं. रायण्णा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा आई भाकरीवर भाकरी वाढत होती आणि बाबा मला सांगत होते की विचार त्यांना, एवढ्या लांब येऊन तुमच्या पदरात काय? मला विचारायचं नव्हतं. बाबांनी तीनदा सांगितल्यावर विचारलं.

रायण्णांनी शेंगाचटणीचं बोट चाटलं, विचार केला आणि खिशातून फोन काढून एका पिवळ्या बसचा फोटो दाखवला. गावी ते शाळेची बस चालवत. रोज तोच रस्ता, तीच मुलं. कोण कुठल्या थांब्यावर उशिरा येतं ते त्यांना पाठ होतं, आणि उशिरा येणाऱ्यासाठी ते थांबत. बसमध्ये पुढचं वळण कुणी सांगत नाही, ते म्हणाले, सगळं मीच बघायचं. "इथे विद्या सांगते. मी ऐकतो. विश्रांती."

बाबांनी ते ऐकून माझ्याकडे पाहिलं, जणू मी भाषांतरात काहीतरी गाळलं होतं.

तेवढ्यात आईनं आणखी एक भाकरी पुढे केली. रायण्णांनी ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "साकु." पुरे. गॅरेजमध्ये शिकले होते. आई इतकी खूश झाली की तिनं अर्धी भाकरी तरी वाढलीच. पुढे हा शब्द त्यांनी सगळीकडे वापरला. नट घट्ट बसला, साकु. पत्रकारानं चौथा प्रश्न विचारला, साकु. महांतेशअण्णा आणि विद्याक्का वाद घालायला लागले की मधे उभं राहून दोघांनाही, साकु. ते हा शब्द असा म्हणायचे की कुणाला राग यायचा नाही.

घाई त्यांनी फक्त स्टेजमध्ये केली. स्टेज म्हणजे वाहतूक बंद केलेला तुकडा, जिथे गाड्या एकेक करून सुटतात आणि सेकंद मोजले जातात. बाकी वेळ ते बैलगाडीसारखे. रॅलीच्या आधी रस्ता पाहून नोट्स लिहायला जातात, त्याला रेकी म्हणतात. इतर टीम दोन फेऱ्यांत मोकळ्या होत. रायण्णा प्रत्येक वळणावर उतरत, मुरूम मुठीत घेऊन सोडत, आणि मग मला म्हणत, "विचार." कुणाला? जो दिसेल त्याला. काय? पावसात पाणी कुठून वाहतं, बैलगाड्या कुठून वळतात, म्हशी कधी येतात.

अळणावरच्या वाटेवर एका वळणाशी एक बाई गवत कापत होती. मी जाऊन तिच्यापासून दहा हातांवर उभी राहिले. तिनं मान वर केली नाही. मी मागे वळून रायण्णांकडे पाहिलं. ते बॉनेटला टेकून उभे होते, मला घाई करत नव्हते, स्वतः पुढेही येत नव्हते. बसथांब्यावर उशिरा येणाऱ्या मुलासाठी जसे उभे राहत असतील तसे. पाचेक मिनिटं गेली असतील. शेवटी मी विचारलं की म्हशी इथून किती वाजता जातात.

ती बाई उठली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हशींना काय घड्याळ हाय? त्या आंब्याच्या बुंध्याला ऊन लागलं की पाण्यावर जात्यात." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "एवढंच विचाराय इतका वेळ हुबी हुतीस?"

विद्याक्कानं नोट्सच्या वहीत त्या वळणापुढे लिहिलं, आंबा, ऊन, म्हशी. महांतेशअण्णांनी ते वाचलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. पण रॅलीच्या दिवशी, पहिल्या दुपारी, बुंध्याला ऊन लागलेलं पाहून रायण्णांनी चढाच्या टोकावरच गाडी आवरली. पोलिसांनी रस्त्यावरची माणसं अडवली होती, म्हशी कुणी अडवल्या नव्हत्या. सहा म्हशी रस्त्याच्या मधोमध पाण्याला निघाल्या होत्या. पाच-सात सेकंद गेले, गाडी वाचली, म्हशीही वाचल्या. संध्याकाळी रायण्णा मला म्हणाले, "त्या बाईला सांग." म्हणजे तिचे आभार मान. मी नंतर जाईन म्हणाले आणि गेले नाही.

ही त्या मोसमाची शेवटची फेरी होती, आमच्याच भागात. पहिल्या तिघांत आलो तर कोड्रायव्हरचं राष्ट्रीय विजेतेपद विद्याक्काला मिळणार होतं. आठ वर्षं ती वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच स्टेज राहिल्या आणि आम्ही दुसरे होतो.

इथे एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. स्टेजच्या सुरुवातीला अधिकाऱ्यांचं टेबल असतं आणि टेबलाच्या अलीकडे एक पिवळी पाटी. प्रत्येक गाडीला तिचं मिनिट ठरवून दिलेलं असतं. उशीर झाला तर दंड आहेच, पण लवकर पोचलं तर दंड जास्त कडक. जितकी मिनिटं आधी पाटीच्या आत जाल, तितकी मिनिटं तुमच्या वेळेत वाढतात. म्हणून गाड्या पाटीच्या अलीकडे थांबून राहतात, आणि कोड्रायव्हर चालत पुढे जाऊन टेबलावरचं घड्याळ बघून येतो.

आमचं मिनिट होतं दोन छत्तीस. दोन एकतीसला विद्याक्का कार्ड घेऊन टेबलाकडे गेली. रायण्णांनी इंजिन बंद केलं. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढला तर तो चिकटून बसतो, म्हणून ते कधीच ओढत नसत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, उतरून एक दगड शोधायचा, मागच्या चाकाखाली सारायचा, परत आत बसायचं आणि झोपायचं. तसंच केलं. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन चाकापाशी उभी होते. रस्त्याला पाटीच्या दिशेनं थोडा उतार होता.

गावातली माणसं सकाळपासून दोन्ही बाजूंना बसली होती. सकाळीच त्या श्रीलंकेच्या ड्रायव्हरची गाडी ओढ्याच्या चिखलात अडकली होती, ती याच लोकांनी ढकलून काढली होती आणि त्यानं एकेकाला मिठी मारली होती. त्याची चर्चा अजून चालू होती. आता त्यांनी पाहिलं की तीस गाड्यांची इंजिनं गुरगुरतात आणि ही एक गप्प आहे. आत परदेशी माणूस मान टाकून बसलेला आहे.

"बंद पडल्या ह्याची बी," खांद्यावर टॉवेल टाकलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "चला रे, हात लावा."

दहा-बारा जण आले. कुणीतरी वाकून दगड काढला. मला सगळं दिसत होतं. पाटी कुठे आहे ते माहीत होतं, किती वाजलेत ते माहीत होतं, आणि या माणसांची भाषा, कन्नड म्हणा, मराठी म्हणा, तिथे त्या क्षणी आमच्यापैकी गाडीजवळ फक्त मला येत होती. एवढ्याचसाठी मला आणलेलं होतं. मी 'निल्लरी' म्हणाले. थांबा. माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. त्या गृहस्थांनी मला प्रेमानं बाजूला केलं. "सर पोरी, पाय सापडंल चाकाखाली."

गाडी निघाली. चाळीस पावलं गेली असेल. रायण्णांनी डोळे उघडले तेव्हा पिवळी पाटी खिडकीतून मागे सरकत होती. त्यांनी ब्रेक दाबला. टेबलापाशी विद्याक्का वळली आणि तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. दोन तेहतीस झाले होते. तीन मिनिटं आधी.

रायण्णांनी मांडीवरचं हेल्मेट बाजूला ठेवलं. मग उतरले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ढकलणाऱ्यांतल्या पहिल्या माणसापाशी गेले आणि हात पुढे केला. मग दुसऱ्यापाशी. सगळ्यांशी हात मिळवून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "त्यांना सांग, धन्यवाद. आधी हे."

मी सांगितलं. म्हातारे गृहस्थ कानाला हात लावून म्हणाले, ऐकू येत नाही. मला ओरडता आलं नव्हतं, पण आभार दोनदा मानावे लागले, दुसऱ्यांदा मोठ्यानं. रायण्णा आत बसले आणि बटण दाबलं. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गृहस्थांनी मला अभिमानानं विचारलं, "बघितलीस?"

ती स्टेज संपवून गाड्या सर्व्हिसच्या मैदानात, म्हणजे दुरुस्तीच्या जागी, आल्यावर विद्याक्का तक्रार घेऊन मुख्य अधिकाऱ्यांच्या तंबूत गेली. तिचं म्हणणं साधं होतं, गाडी आम्ही नेली नाही, लोकांनी ढकलली. अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, कुणी पाहिलं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. महांतेशअण्णा हळूच म्हणाले, "बोल तंगी." मी बोलले. लोक आले, दगड काढला, ढकललं. मग थांबता आलं असतं, पण आणखी एक वाक्य उरलं होतं. मी म्हणाले की मी तिथेच उभी होते, मला नियम माहीत होता, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

विद्याक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की ते मला अजून आठवतं.

अधिकाऱ्यांनी रायण्णांना विचारलं, तुम्ही काय करत होता? रायण्णा म्हणाले, "झोपलो होतो. हँडब्रेक नाही. गाडी माझी." गाडी ताब्यात ठेवायची जबाबदारी ड्रायव्हरची, अधिकारी म्हणाले, दंड राहील. रायण्णांनी कागदावर सही केली, आणि अधिकाऱ्यांचं पेन चालत नव्हतं म्हणून त्यांना आपलं दिलं.

एक स्टेज उरली होती. विद्याक्का दगडासारखा चेहरा करून सीटवर बसली. रायण्णा पट्टे बांधत म्हणाले, "विद्या. आता नोट्स. मग माझ्यावर राग." तिनं नोट्स वाचल्या. ती स्टेज त्या दिवशी सगळ्यांत कमी वेळात आम्ही पार केली. वीस सेकंद परत मिळाले. तीन मिनिटं अशी परत मिळत नसतात. आम्ही सहावे आलो आणि विजेतेपद दुसऱ्या शहरातल्या कोड्रायव्हरकडे गेलं.

सर्व्हिसच्या मैदानात सामान आवरताना मी एका रिकाम्या टायरवर जाऊन बसले होते. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, किंवा मला तसं वाटत होतं. रायण्णा दोन कप चहा घेऊन आले आणि शेजारच्या टायरवर बसले. एक कप माझ्या हातात दिला. मग त्यांच्या मानानं ते खूप बोलले. "तंबूत तू सांगितलंस. ते कठीण. ओरडणं सोपं. माझ्या बसमधली सहा वर्षांची मुलं ओरडतात." चहा संपवून म्हणाले, "शिकता येतं."

मी का ओरडले नाही, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. घरी सगळ्यांनी विचारलं. विद्याक्का तर दोन आठवडे बोललीच नाही, आणि बोलली तेव्हा पहिलं वाक्य तेच होतं.

पुढच्या वर्षी रायण्णांनी यायचं काही कारण नव्हतं. चांदणी तीच राहणार होती. पण मोसम सुरू व्हायच्या आधी त्यांचा महांतेशअण्णांना निरोप आला. विद्याचे गुण राहिले आहेत, शाळेतून रजा घेतली आहे, येतो. आणि खाली माझं नाव, प्रश्नचिन्ह लावून.

मी जायला तयार नव्हते. गेले ते एवढ्याचसाठी की नाही म्हणायलाही त्यांच्यासमोर उभं राहून बोलावं लागलं असतं. पहिल्याच फेरीत, पाटीच्या अलीकडे गाडी थांबल्यावर, रायण्णा उतरले. नेहमीप्रमाणे दगड शोधला. पण या वेळी तो स्वतः न लावता माझ्या हातात दिला. "हा तुझा," म्हणाले, आणि आत जाऊन झोपले. टेबलाकडे निघालेली विद्याक्का थांबून मला म्हणाली, "या वेळी गाडी गेली ना, तर तूच चाकाखाली आडवी हो."

वर्षभर मी तो दगड लावला आणि काढला. सुरुवातीला कुणी जवळ आलं की मी दगडावर पाय ठेवून दुसरीकडे बघायचे. पहिल्यांदा मी बोलले ते एका छायाचित्रकाराला, जो बॉनेटवर टेकणार होता. तो चटकन मागे झाला आणि सॉरी म्हणाला. माणसं ऐकतात, हे मला माहीतच नव्हतं. पुढे पुढे रायण्णा डोळे मिटायच्या आधी माझ्याकडे बघेनासे झाले. मला ते फार आवडायचं.

शेवटची फेरी पुन्हा आमच्याकडेच आली, त्याच वाटेवर. पिवळी पाटीही जवळपास तिथेच. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, रायण्णांनी डोळे मिटले आणि दोन्ही बाजूंची माणसं उठायला लागली. मी चाकासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मुट्टब्याडरी. मलग्यार." हात लावू नका, झोपलेत. मग तेच मराठीत. आवाज पलीकडच्या बांधापर्यंत गेला असावा, कारण तिथून एकजण उठला. तेच म्हातारे गृहस्थ, खांद्यावर टॉवेल, हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी. मागच्या वर्षी हीच गाडी बंद पडली होती आणि आपण चालू करून दिली, हे ते शेजारच्यांना सांगतच आले. मी काही दुरुस्त केलं नाही. त्यांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि मागे वळून लोकांना दरडावलं, "लांब व्हा रे. माणूस दमलाय, झोपू द्या की."

त्या दिवशी आम्ही दुसरे आलो आणि विजेतेपद विद्याक्काचं झालं.

तिथून परत येताना मी त्या आंब्यापाशी गाडी थांबवायला सांगितली. गवत कापणारी बाई नव्हती. तिची सून होती. तिला मी सगळं सांगितलं, म्हशींचं आणि त्या पाच-सात सेकंदांचं. सासूला सांगते म्हणाली.

त्यानंतर रायण्णा आले नाहीत. डोळ्याचं काहीतरी निघालं. रॅलीचा परवाना गेला आणि मग बसही गेली. विद्याक्काला अधूनमधून त्यांचा संदेश येतो, तीन-चार शब्दांचा. आता बसमध्ये ते मागे बसतात म्हणे, मुलांबरोबर, नवीन ड्रायव्हरला थांबे सांगायला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विजेतेपद मिळालं त्याच दिवशी, धारवाडच्या मैदानात. पुढे मंडप होता, बक्षिसं चालली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते विमानतळावर गेले, तेव्हा मी नव्हते. मंडपामागे आमची गाडी उभी होती, लाल मातीनं नंबरसुद्धा झाकलेला. ते आत बसले होते, हेल्मेट मांडीवर, डोळे मिटलेले. सपाट मैदान होतं, गाडी कुठे जाणार नव्हती. तरी मागच्या चाकाखाली मी दगड लावला होता.

आयोजकांपैकी एकजण धावत आला. मॅडम, त्यांना उठवा, ड्रायव्हर पण पाहिजे वर, फोटो आहे. मी म्हणाले, "चार मिनिटं थांबा." तो म्हणाला, सगळे वाट बघतायत. मी म्हणाले, बघू द्या. माझा आवाज वर गेला होता, कारण मंडपाजवळच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर विद्याक्काचं नाव आलं. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि पुढे राष्ट्रीय विजेती. टाळ्या सुरू झाल्या. रायण्णांनी डोळे उघडले नाहीत. खिडकीतून एक हात बाहेर आला, ताटावर धरतात तसा आडवा, आणि आतून आवाज आला, "साकु."

आयोजक माझ्याकडे बघून निघून गेला. टाळ्या अजून चालू होत्या. मी पायानं दगड चाचपला. जागेवर होता.